भैषज्यगुरूच्या दारी, अंगात ताप घेऊन

पर्यटक म्हणून जाऊ नका. पर्यटकाला फक्त मूर्ती दिसते, आणि मूर्ती पाहून झाली की त्याला जेवण आठवतं. जायचं तर रोगी होऊन जा. अंगात ताप असू द्या, पायात त्राण नको, आणि आपण कुणाच्या तरी हाती सापडलो आहोत ही भावना असू द्या. भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती घडवणाऱ्यांनी जो माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, तो हा असा होता.

साल 1190 च्या आसपासचं धरा. पाऊस उतरणीला लागलाय. तुम्ही ख्मेर राज्यात बैलगाडीत आडवे पडला आहात आणि गाडी यशोधरपुराकडे, म्हणजे आज ज्याला आपण अंगकोर म्हणतो त्या राजधानीकडे निघाली आहे. ताप हिवाचा आहे. दुपारी हुडहुडी भरते, मग अंग भाजून निघतं, मग घामाने पंचा भिजून चिंब होतो. कालची रात्र रस्त्यावरच्या अग्निगृहात काढलीत. प्रवाशांसाठी अशी 121 घरं राजाने बांधली किंवा चालती ठेवली, अशी नोंद प्रेआ खान इथल्या 1191 च्या शिलालेखात आहे. गाडीवान तुमच्याशी बोलतो, पण त्यातलं अक्षरही कळत नाही. ख्मेर भाषेचा आणि मराठीचा मुळात संबंध नाही. मात्र अधूनमधून एखादा शब्द कानावर असा पडतो की तुम्ही मान वर करता.

शहर अजून सावरतंय. 1177 मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्याने स्वारी करून ही राजधानी लुटली. त्यानंतर उतारवयात गादीवर आलेला सातवा जयवर्मा आता चहूकडे बांधकामं काढून बसला आहे. नव्या नगराचे तट, खंदक, देवळं, तळी, रस्ते, सगळं एकाच वेळी चालू आहे. दगड ओढणाऱ्या माणसांच्या रांगा संपत नाहीत. पूर्वेच्या बाजूला, तटाबाहेर, गाडी एका आवाराशी थांबते.

भिंत पाहताच कोकणातल्या माणसाला बरं वाटेल, कारण ती जांभ्याची आहे. तोच तांबूस, भोकं पडलेला, उन्हात तापणारा चिरा. आवाराला पूर्वेकडे दार, आत एकच लहान गाभारा, त्याचंही तोंड पूर्वेला. आग्नेयेच्या कोपऱ्यात पोथ्यांची म्हणवली जाणारी छोटी इमारत, आणि भिंतीबाहेर ईशान्येला दगडी बांधाचं तळं. राज्यात कुठेही जा, जयवर्म्याच्या रुग्णालयाचं देऊळ याच बेताचं असतं. एखाद्या सरकारी खात्याने नकाशा छापून वाटावा तसं.

तुम्हाला मात्र देवळात नेत नाहीत. आधी लाकडी, गवताने शाकारलेल्या खोपीत चटईवर निजवतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण आठशे वर्षांनी इथे येणाऱ्यांना या खोपींचा मागमूसही दिसणार नाही. ख्मेर लोक दगड देवांसाठी राखतात. राजासुद्धा लाकडाच्या वाड्यात राहतो. म्हणून रुग्णालय कुजून जाईल आणि त्याचं देऊळ तेवढं उरेल. मग पुस्तकांतून लोक वाचतील की इथे रोगी मूर्तीपुढे बसून बरे होत. तुम्ही चटईवर पडून पाहता आहात तर आधी दिसतो तो धूर, चुलीवरचं भलंमोठं मडकं, आणि खलबत्त्यात काहीतरी कुटत बसलेल्या बायका. सुंठ, पिंपळी, वेलदोडा यांचा वास येतो. सर्दी झाल्यावर घरात काढा उकळत असतो तसाच.

दोन वैद्यांपैकी एक येतो. नाडी पाहतो, जीभ पाहतो, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला काही सांगतो. त्यात तुम्हाला एक शब्द ऐकू येतो आणि तो चक्क तुमचा असतो: ज्वर.

दुसऱ्या दिवशी ताप उतरलेल्या घटकेला तुम्हाला आवारात बसवतात. तिथे एक चौकोनी शिळा उभी आहे. चारही बाजूंना बारीक अक्षरं कोरली आहेत. लिपी ख्मेर, भाषा संस्कृत. एक पंडित पाहुण्यांना ती वाचून दाखवतो आहे. उच्चार वेगळा, हेल वेगळा, तरी कान लावलात तर शब्द गाळणीतून पडावेत तसे पडतात: आरोग्य, रोग, भिषक्, आयुर्वेद. असे लेख लाओसमधल्या साय फोंगपासून आजच्या ईशान्य थायलंडपर्यंत ठिकठिकाणी सापडले आहेत आणि त्यांचा मजकूर जवळजवळ सारखाच आहे. आरंभी बुद्धाला नमन. मग भैषज्यगुरू वैडूर्यप्रभराजाला, ज्याचं नुसतं नाव कानी पडलं तरी क्षेम आणि आरोग्य लाभतं. मग त्याच्या दोन सोबत्यांना, सूर्यवैरोचन आणि चंद्रवैरोचन, रोगाचा अंधार घालवणारे. पुढे राजाची गोष्ट येते: प्रजेच्या शरीराला झालेला रोग त्याच्या मनाला झाला आणि तो अधिक जाचक ठरला, कारण राजाचं दुःख म्हणजे प्रजेचं दुःख, त्याचं स्वतःचं नव्हे. आयुर्वेदात आणि अस्त्रविद्येत निपुण अशा वैद्यवीरांना घेऊन त्याने औषधाच्या शस्त्रांनी रोगरूपी शत्रू मारले, असंही कवी सांगतो.

राजकवीची भाषा आहे, थोडं मीठ लावूनच घ्यावी. पण त्यानंतर शिळेचा सूर बदलतो आणि मला स्वतःला तोच भाग काव्याहून मोलाचा वाटतो. इथे चारही वर्णांवर उपचार व्हावेत. दोन वैद्य असावेत. कोठार सांभाळणारे आणि औषध मोजून देणारे असावेत. स्वयंपाकी असावेत, त्यांनी सरपण-पाणी पाहावं आणि देऊळही झाडावं. पाणी तापवायला आणि औषधं कुटायला सहा बायका, भात कांडायला दोन. पूजेला याजक, पंचांग पाहायला गणक. राजाच्या कोठारातून वर्षाला तीन वेळा मध, साखर, कापूर, मोहरी, जिरं, जायफळ अशी सामग्री यावी. वाचता वाचता पंडिताचा आवाज सपाट होतो, कारण हे श्लोक असले तरी ही खरी जमाखर्चाची वही आहे.

आता गाभाऱ्यात चला. पायरी उंच आहे, आधार घ्या.

निळा रंग शोधू नका. भैषज्यगुरू म्हटला की तिबेटी चित्रांतला गडद निळा बुद्ध डोळ्यांपुढे येतो, पण इथे राखाडी वालुकाश्म आहे. नागाच्या वेटोळ्यांवर मांडी घातलेला बुद्ध, डोक्यामागे सात फण्यांचं छत्र, पापण्या मिटलेल्या, ओठांवर पुसट हसू. ख्मेर शिल्पात नागावरचा बुद्ध कुठेही भेटतो. हा वैद्य आहे हे ओळखायचं तर नजर खाली, हातांवर न्या. मांडीत एकावर एक ठेवलेल्या तळव्यांवर एक छोटंसं झाकणाचं पात्र आहे. ध्यानाला बसलेल्या माणसाचे हात रिकामे असतात. याच्या हातात औषध आहे.

निळेपणा त्याच्या नावात आहे. ज्या सूत्रातून हा बुद्ध आला त्यात त्याने बोधिसत्त्व असताना बारा प्रतिज्ञा केल्या. दुसरी अशी की माझं शरीर आतबाहेर वैडूर्यासारखं निर्मळ आणि तेजस्वी होवो, आणि त्या उजेडात अंधारातल्या जीवांना आपापली वाट दिसो. वैडूर्य म्हणजे बौद्ध परंपरेच्या समजुतीप्रमाणे बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्दी निळा दगड. त्याचं क्षेत्र पूर्वेला, जिथून दिवस उगवतो. म्हणून हे देऊळ पूर्वाभिमुख आहे असं म्हणावंसं वाटेल, पण थांबा. ख्मेर देवळं बहुतेक पूर्वाभिमुखच असतात. प्रत्येक गोष्टीत प्रतीक काढायची घाई बरी नव्हे.

दोन बाजूंच्या सूर्य-चंद्रांबद्दल मात्र मनात शंका राहत नाही. तापाने फणफणून पडलेल्या माणसाला तिथी-वार कळत नाहीत, फक्त उजेड आहे की काळोख आहे एवढंच कळतं. दोन्ही वेळा कुणीतरी उशाशी आहे, हे त्या जोडीने सांगितलं आहे. हा माझा अर्थ. सूत्रात ते त्या बुद्धाच्या क्षेत्रातले दोन प्रमुख बोधिसत्त्व आहेत, इतकंच.

सातवी प्रतिज्ञा या आवाराच्या सगळ्यात जवळची. ज्याला रोगाने घेरलंय, ज्याला ना वैद्य, ना औषध, ना आप्त, ना घर, त्याच्या कानावर माझं नाव जावो आणि त्याचं दुखणं जावो. इथे ‘नाव ऐकणं’ यावर भर आहे, म्हणून पुढे याचा नुसता जप करणारेही झाले. पण गाभाऱ्यातून मागे वळून पाहा. दारातून चुलीचा धूर दिसतो. याच परंपरेच्या विनयपिटकात एक गोष्ट आहे. एक भिक्खू जुलाबाने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि त्याचा कुणाला उपयोग नाही म्हणून सोबतचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः त्याच्यावर पाणी ओतलं, आनंदाने अंग पुसलं, दोघांनी डोक्याकडून आणि पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवलं. मग भिक्षूंना बोलावून बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. मूर्ती, निळं तेज, बारा प्रतिज्ञा हे सगळं कितीतरी पुढचं. सुरुवातीला होतं ते पाणी. शिळेवर पाणी तापवणाऱ्या सहा बायकांची नोंद झाली तिचं मूळ मला त्या गोष्टीत दिसतं.

संध्याकाळी त्यांच्यातलीच एक तुमच्यासमोर काढ्याची वाटी धरते. तोंड वाकडं करू नका. ती तुमच्या भाषेत बोलत नाही, पण घरातल्या आत्या-मावशीचा हट्ट कुठेही सारखाच असतो. वाटी रिकामी झाल्याशिवाय ती हलत नाही.

बरं वाटू लागलं की माणूस चौकशा करतो, तुम्हीही करा. ता प्रोह्म या राजविहारात 1186 ची एक शिळा आहे. तिच्यावर राज्यातल्या रुग्णालयांचा आकडा आहे 102, आणि त्यांचं वर्षाचं सामानही दिलं आहे: 3,402 जायफळं, तापावरच्या औषधाच्या 48,000 मात्रा, आणि मूळव्याधीच्या मलमाच्या 1,960 डब्या. शेवटच्या नोंदीवर हसू येईल. पण मला तीच सर्वांत खरी वाटते. नुसती कीर्ती हवी असलेल्या राजाने महामारीच्या गोष्टी कोरल्या असत्या. मूळव्याधीच्या डब्या मोजायला कुणीतरी रोग्यांची गाऱ्हाणी ऐकलेली असावी लागतात.

त्याच शिळेवर पुढे आहे की या रुग्णालयांना धान्य पुरवायला 838 गावं आणि 81,640 माणसं लावली होती. हे ओझं वाहणाऱ्यांना काय वाटत होतं हे कुठल्याच दगडावर नाही. मघाशी तटाजवळ दगड ओढणारे दिसले, त्यांच्यातल्या किती जणांना इथली चटई मिळत असेल? शिळा चारही वर्णांचं नाव घेते, पण शिळा राजाची आहे. कौतुक करताना हा हिशोबही ध्यानात असू द्या.

आता मागे, चारशेहून जास्त वर्षं. जपानमधलं नारा, साल 756. इथे थांबायचं नाही, पाहून निघायचं. इथेही भैषज्यगुरू आहे, नाव याकुशी. त्याच्या याकुशी-जी मंदिराचा नवस सम्राट तेन्मूने 680 मध्ये पत्नीच्या आजारपणात केला होता. पत्नी बरी झाली, सम्राट मात्र 686 मध्ये वारला. काम तिने पुढे नेलं आणि जितो या नावाने राज्यही केलं. नवसाचं फळ असं उलटसुलट लागलं तरी मंदिराचं कुणी वाईट मानलं नाही. तिथल्या काशाच्या याकुशीच्या हातात पात्र नाही. जपानी मूर्तिकारांना ते हातात देण्याची सवय पुढे लागली.

पण आज तुम्ही आलात तोदाई-जीच्या आवारात. चार वर्षांपूर्वी इथल्या प्रचंड बुद्धमूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखल्या त्या भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. आता सम्राट शोमू गेला आहे आणि त्याची विधवा कोम्यो त्या मूर्तीला 60 प्रकारची औषधं अर्पण करते आहे. ही तीच राणी, जिने 730 मध्ये गरिबांसाठी औषधालय काढलं. पेट्या उघडल्या जातात तेव्हा पुढे व्हा. दालचिनी ओळखता येईल, मिरी, पिंपळी, आणि होय, हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी बायका उन्हाळ्यात गोळा करतात तो हिरडा, निदान त्याचा सख्खा भाऊ, समुद्र ओलांडून इथवर आलाय. दानपत्रात लिहिलंय की रोगाने पीडित असतील त्यांनी परवानगीने ही औषधं घ्यावीत. म्हणजे देवापुढे ठेवलेलं औषध देवासाठी नव्हतंच. ती यादी, आणि त्यातली बरीच औषधंही, शोसोइन या कोठारात आजवर टिकून आहेत.

हिरड्याचा धागा धरून एक उडी ल्हासात मारा, 1696 मध्ये. चाकपोरी टेकडीवर तिबेटचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो वैद्यकाचं महाविद्यालय उघडतो आहे. इथला भैषज्यगुरू मनासारखा निळा मिळेल. डावा हात मांडीवर, त्यात पात्र. उजवा हात गुडघ्यावरून पुढे आलेला, आणि त्याच्या बोटांत हिरड्याची डहाळी. विद्यार्थ्यांसाठी 79 पटचित्रं काढवून घेतली आहेत, शरीर, वनस्पती, निदान, सगळं रंगवून. या बुद्धाची पूजा करणाऱ्याला त्या डहाळीचे गुणदोष तोंडपाठ यावे लागतात, परीक्षाच असते. 1959 मध्ये हे महाविद्यालय उद्ध्वस्त झालं.

परत अंगकोरला, पण शंभर वर्षं पुढे. 1296 मध्ये चीनच्या दरबारातून झोऊ दागुआन आलाय. त्याच्याबरोबर बाजारात फिरा. आजारी पडलं की लोक पाण्यात शिरतात आणि पुन्हा पुन्हा डोकं धुतात, असं तो नोंदवतो. रस्त्याने महारोगी दिसतात, जुलाब लागलेल्या दहांतले आठ-नऊ दगावतात, औषधं बाजारात विकत मिळतात. रुग्णालयांचं नाव त्याच्या वृत्तांतात येत नाही. तेराव्या शतकात केव्हातरी या शहरातल्या हजारो बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडल्या गेल्या, बायोन देवळातला मोठा बुद्ध फोडून विहिरीत टाकला गेला. तो 1933 मध्ये बाहेर काढला. खोपी कोसळल्या की कोठारं आटली की वैद्य निघून गेले, सांगायला कुणी नाही. तुम्ही ज्या चटईवर निजला होतात तिथे आता रान आहे.

आता आपल्या काळात या आणि अंगकोरशेजारच्या सियाम रीपला खरंच जाणार असाल तर वाकडी वाट करायची गरज नाही. अंगकोर थॉमच्या, म्हणजे जयवर्म्याच्या त्या नव्या नगराच्या, विजयद्वारातून पूर्वेला निघालं की ता केओ मंदिराच्या अलीकडे रस्त्यालगत रुग्णालयाचं एक छोटं पडकं देऊळ आहे. तिकिटात ते येतंच. बहुतेक टुकटुक न थांबता पुढे जातात, कारण पुढे ता प्रोह्मची झाडं पाहायची असतात. थांबायला सांगा. उत्तरेकडच्या दुसऱ्या रुग्णालयाच्या जागी, तोनले स्न्गुओत इथे, 2017 मध्ये उत्खनन करताना पुरुषभर उंचीचा दगडी द्वारपाल मातीखालून निघाला. शोध घ्यायला अजून जमीन बरीच शिल्लक आहे.

आणि शहरातून मंदिरांकडे जाताना एक पांढरं, मोठं रुग्णालय लागतं. बाहेर बायका मुलांना कडेवर घेऊन थांबलेल्या असतात. स्विस डॉक्टर बेआट रिश्नर यांनी 1999 मध्ये ते उघडलं आणि वर्षानुवर्षं चेलो वाजवून त्याच्यासाठी पैसे उभे केले. 2018 मध्ये ते वारले. रुग्णालयाचं नाव आहे सातवा जयवर्मा रुग्णालय. मुलांवरचे उपचार मोफत आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांकडे ते रक्त मागतात. प्रकृती चांगली असेल तर देऊन या.